कडी लावली का?

(ठाण्यात नौपाड्यातल्या एका वाचक-गटापुढे केलेलं भाषण. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

नमस्कार. आधी एक खुलासा करते, म्हणजे मागच्या रांगेतली कुजबूज थांबेल. हो, त्या कादंबऱ्या मीच लिहिते. बाहेर टेबलावर वर्तमानपत्राची कव्हरं घालून ठेवल्यात त्याच. कव्हरं मी घातलेली नाहीत, तुमच्या संयोजक ताईंनी घातलीत, कारण याच हॉलमध्ये सकाळी मुलांचा संस्कारवर्ग भरतो आणि टेबल तेच असतं. माझी काही तक्रार नाही. उलट कव्हर घातलेलं पुस्तक जास्त उचललं जातं, हे मी मघाशी दाराशी उभी राहून पाहिलं.

मी सत्तावीस वर्षं बँकेत होते. शेवटची तेरा वाशीच्या शाखेत. ठाणे-वाशी गाडी नोव्हेंबर २००४ मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी माझी बदली झाली, त्यामुळे ती गाडी माझ्यासाठीच घातली असा माझा समज होता. नऊ-दहा नंबरचा प्लॅटफॉर्म, बायकांचा डबा, खिडकीबाहेर एका बाजूला एमआयडीसीच्या चिमण्या आणि दुसरीकडे मधूनच खाडीची हिरवी रेघ. त्या डब्यात मी जे ऐकलं ते सगळं लिहायला आणखी दोन जन्म लागतील. बायका लोकलमध्ये जितकं खरं बोलतात तितकं माहेरीही बोलत नाहीत, कारण समोरचीला वाशीला उतरायचं असतं.

म्हणून मालिका त्या मार्गावर बेतली. ठाणे, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. आठ स्टेशनं, आठ कादंबऱ्या, प्रत्येक स्टेशनावर एक जोडपं. किंडलवर मराठी पुस्तकं डिसेंबर २०१६ मध्ये यायला लागली. मी २०१८ मध्ये स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि त्याच पावसाळ्यात 'ठाणे' लिहायला बसले. शृंगारिक. 'गरम' म्हणतात हल्ली. आमच्या वेळी 'चावट' म्हणायचे, आणि त्याहून पुढचं असलं की नुसतंच 'तसलं'.

लोक मला विचारतात, तुम्हाला सुचतं कसं? विचारताना भुवया अशा करतात की सुचणं हाच गुन्हा. सुचण्यात काहीच अवघड नाही हो. दोन माणसं, एकमेकांची ओढ, पुढचं सगळ्यांना माहीत आहे. अवघड आहे ती जागा.

पहिली कादंबरी मी सहाव्या प्रकरणापर्यंत सपासप लिहिली. ती वर्तकनगरला आई-वडील आणि धाकट्या भावाबरोबर राहणारी, पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घेणारी. तो ऐरोलीला आणखी तिघांबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये. सहाव्या प्रकरणाच्या शेवटी दोघांची अवस्था अशी की आता काहीतरी झालंच पाहिजे. आणि मी पेन खाली ठेवलं. म्हणजे लॅपटॉप मिटला. कारण यांना न्यायचं कुठे?

तलावपाळी? तिथे बाकावर बसता येतं, ओढणी डोक्यावरून घेता येते, पण समोरून भेळवाला येतो आणि मागून मामेभाऊ. उपवन? संध्याकाळी निम्मं ठाणं तिथे फिरायला असतं आणि त्यात तिच्या लॅबचे पेशंट. वाशीचं मिनी सी-शोअर? तिथे पोलीस येऊन घरचा नंबर मागतात, निदान माझ्या डब्यातल्या मुली तरी तसं सांगायच्या. त्याची स्कूटर, स्कूटरवर काय होणार? तासावर खोली देणारं हॉटेल? ते मी स्वतः चौकशी करून आले. हो, पन्नाशीच्या बाईनं काउंटरवर जाऊन विचारलं. पोरगा फार अदबीनं म्हणाला, "मॅडम, लोकल आयडी चालत नाही." म्हणजे आधारवर ठाण्याचा पत्ता असेल तर ठाण्यात खोली नाही. या देशात प्रेम करायचं तर आधी कायमचा पत्ता तरी लांबचा हवा.

अकरा पानं मी या दोघांना नुसती जागा शोधायला लावली. एका प्रकाशकांना हस्तलिखित दाखवलं होतं, त्यांनी ती अकरा पानं लाल पेन्सिलीनं उभी कापली. "वाचकाला थेट मुद्द्यावर यायचं असतं." मी हस्तलिखित परत घेतलं, एका ॲपवर क्रमशः टाकलं आणि पुढे किंडलवर चढवलं. आजही 'ठाणे'बद्दल जे मेसेज येतात ते त्या अकरा पानांबद्दल येतात. खोली मिळाल्यावर पुढे जे होतं त्याच्याबद्दल जवळपास कुणी बोलत नाही. खोली मिळाली याचाच आनंद इतका.

मी काही नवीन केलं असं मला वाटत होतं. मग आपल्या मराठी ग्रंथ संग्रहालयात, म्हणजे १८९३ चं आपलं ठाण्याचं, तिथे स. आ. जोगळेकरांनी संपादित केलेली हाल राजाची गाथासप्तशती हातात आली. सातवाहनांचा काळ, महाराष्ट्री प्राकृत, म्हणजे आपल्याच भाषेची पणजी. सातशे गाथा, आणि त्यातल्या कितीतरी बायकांच्या तोंडी. त्यात एक बाई रात्रीच्या मुक्कामाला आलेल्या वाटसरूला सांगते, की इथे सासूबाई झोपतात, इथे मी झोपते, दिवसाउजेडी नीट बघून ठेव बाबा, तुला रात्रीचं दिसत नाही, नाहीतर आमच्या अंथरुणावर येऊन पडशील.

बस. एवढीच गाथा. सासूला ऐकू गेलं तरी वाटावं, सून किती काळजी घेते. पुढे नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनानं ध्वन्यालोक या काव्यशास्त्राच्या ग्रंथात हीच गाथा घेतली आणि सांगितलं, की वर शब्दांत 'नको' आहे आणि आत 'ये' आहे. मी ते वाचलं आणि खुर्चीतच हसायला लागले. ना स्पर्श, ना अंगाचं वर्णन. नुसता घराचा नकाशा! कोण कुठे झोपतं. दोन हजार वर्षांपूर्वीही आपल्या बाईची अडचण तीच होती आणि तिनं ती तेव्हाही फर्निचरच्या भाषेत सोडवली होती.

घरातल्या जागेचं हे झालं. दुसरी जागा भाषेतली, आणि ती तर वन-आरकेहून लहान.

तुम्ही एकदा घरी करून बघा. कागद घ्या, दार लावा आणि एक साधा प्रेमाचा प्रसंग मराठीत लिहा. तिसऱ्या ओळीला अडाल. मी पहिल्या खर्ड्यात 'वक्षस्थळ' लिहिलं होतं. वाचलं आणि अजिंठ्याच्या सहलीतला गाईड आठवला, हातात बॅटरी घेऊन "इकडे पाहा" म्हणणारा. 'स्तन' म्हटलं की दवाखान्याच्या भिंतीवरचा तक्ता. 'नितंब' फक्त शिल्पांना असतात, बँकेत कुणाला नव्हते. 'शरीरसंबंध प्रस्थापित केले' हे वर्तमानपत्रातल्या गुन्ह्याच्या बातमीत. आणि याच्या खाली उतरलं की थेट शिव्याच. देवघर आणि गटार यांच्यामध्ये माणसाला राहायला एक खोली नाही!

चुंबनाचंच बघा. 'चुंबन' हे कुणी घेत नाही, ते सेन्सॉर बोर्डच कापतं. 'पापा' बाळाचा घेतात. 'मुका' म्हटलं की फेटा बांधावासा वाटतो. राहिला इंग्रजी 'किस'. तो मी एका प्रसंगात अगदी मोक्याच्या ठिकाणी वापरला आणि एका वाचक काकूंनी लिहिलं, "ताई, दोनदा वाचलं, तरी मला उपवासाचा बटाट्याचा किसच दिसतो." त्यानंतर मी तो शब्द कायमचा सोडला. आता माझ्या कादंबऱ्यांत नुसते ओठ टेकतात. कुठे टेकतात ते लिहिते, बाकी वाचक बघून घेतो.

दोन वर्षं या शब्दांशी झटापट केल्यावर मला एक लक्षात आलं. नामांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. मराठीची खरी श्रीमंती क्रियापदांत आहे. बिलगणं, रेलणं, लगटणं, कुरवाळणं, चाचपडणं, हुळहुळणं, शहारणं. 'हुळहुळणं' घ्या. नुकत्याच भाजलेल्या किंवा सोललेल्या कातडीला वारा लागला की जे होतं ते. एवढ्या नेमक्या शब्दासमोर अवयवाचं नाव हवंय कशाला? आणि नामं घ्यायचीच तर मराठीत घरगुती नामं आहेत, फक्त ती लोकांना शृंगाराची वाटत नाहीत. कानाची पाळी, मानेवरची लव, पाठीची पन्हळ, पोटरी, बेंबी, मनगट. 'पाठीची पन्हळ' मी 'घणसोली'त वापरली. पावसात भिजून आलेला माणूस, पाठमोरा, शर्ट काढतोय आणि पन्हळीतून पाणी उतरतंय. त्या एका ओळीवर मला जेवढ्या बायकांनी लिहिलं तेवढ्या पुढच्या चार पानांवर लिहिलं नाही. पुढच्या चार पानांवर मी आठवडा घालवला होता.

आणि आपल्याकडे एक गोष्ट अशी आहे की तिच्याबद्दल मला कुठल्याही भाषेतल्या लेखकाशी पैज लावायला आवडेल. मराठीत सगळ्यात आधी उतरतं ते सर्वनाम. 'वाशी'त ती सेहेचाळीसची, घटस्फोटित. तो विधुर, सोसायटीचा खजिनदार. दोघं एकमेकांना 'तुम्ही' म्हणतात. मेंटेनन्सच्या पावतीपासून सुरुवात आहे, 'तुम्ही' शिवाय होणारच नाही. मी ठरवून अडीचशे पानं 'तुम्ही' ठेवलं. त्यांनी एकत्र जेवण केलं, सिनेमा पाहिला, पाम बीच रोडवर गाडी बाजूला घेऊन बराच वेळ काहीही न बोलता बसले, सगळं 'तुम्ही'त. आणि मग स्वयंपाकघरात ती डबा उघडत असते, झाकण निघत नाही, तो हात पुढे करतो आणि ती वैतागून म्हणते, "अरे थांब ना." बस. तिच्याही लक्षात येतं, त्याच्याही. डबा तसाच राहतो.

त्याच कादंबरीत पुढे संमतीचा प्रश्न आला. जुन्या प्रेमकथांत नायिका 'नको नको' म्हणते आणि लेखक ते 'हो हो' असं वाचतो. आनंदवर्धनानं घेतलेल्या त्या गाथेत बाई स्वतः नकाराआडून बोलावते, ती चतुराई तिची आहे. या जुन्या कथांत मात्र पुरुष आपल्या सोयीनं अर्थ काढतो, आणि मला ते अजिबात लिहायचं नव्हतं. पण नायकानं विचारायचं कसं? 'तुझी संमती आहे का?' म्हणाला की रजिस्ट्रारचं ऑफिस उभं राहतं. शेवटी तो विचारतो, "चालेल?" आणि ती म्हणते, "चालेल." रोज भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी, शिंप्याशी आपण हेच बोलतो. त्या एका शब्दात एवढं मावतं हे मला पंचावन्नाव्या वर्षी कळलं.

आता मिरचीची गोष्ट सांगते. ती सांगितल्याशिवाय मला इथून सोडणार नाही, कारण तुमच्यापैकी तिघींनी फोनवर विचारलंय.

'तुर्भे'चा नायक मसाला मार्केटमध्ये. वडील माथाडी, हा एका गाळ्यावर हिशेब बघतो आणि गरज पडली की गोणीलाही हात लावतो. कॉलेजात असताना आम्ही भाड्याच्या लायब्ररीतून इंग्रजी प्रेमकथा आणायचो. लंडनची ती 'मिल्स अँड बून' कंपनी १९०८ ची, पुढे १९७१ मध्ये कॅनडाच्या कंपनीनं घेतली. त्यांतले नायक जहाजांचे मालक असत. माझ्याकडे जहाज नव्हतं. माझ्याकडे ब्याडगी मिरचीची गोणी होती. नायकाचं नाव ठेवायलाही त्रास झाला, कारण राजवीर ठेवला तर तो टीव्ही मालिकेतला वाटतो आणि प्रसाद ठेवला तर वाचक त्याला देवळाबाहेर उभा करतात. शेवटी दत्ता ठेवलं.

तर प्रसंग असा. रात्री नऊ, मार्केट ओस पडलंय, ती शेजारच्या गाळ्यात देठ खुडायचं काम करणारी, दोघं पोत्यांच्या आड. हवेत मिरचीची धूळ, शिंक दाबून धरलेली. तो तिचा चेहरा दोन्ही हातांत घेतो. पुढे दीड पान. मला स्वतःला फार आवडलं होतं.

प्रकरण टाकल्यावर चौथ्या दिवशी एक व्हॉइस मेसेज आला. आवाज वयस्कर, घाटावरचा. "ताई, मी वीस वर्षं मसाल्यात देठ खुडलेत. तुम्ही कधी दिवसभर मिरचीत हात घातलाय का?" मी घरी दोन लाल मिरच्यांची फोडणी देते, एवढाच माझा अनुभव. "मग ऐका. त्यानं तसल्या हातानं तिच्या तोंडाला हात लावला तर ती बाई किंचाळत नळावर जाईल. तोंडाचंच तुम्ही लिहिलंय, पुढचं तर मी बोलतच नाही." आणि मग त्या इतक्या हसल्या की मेसेज तिथेच संपला. दोन मिनिटांनी दुसरा आला. "पाण्यानं जात नाही मिरची. पाण्यानं आणखी पसरते. आधी खोबरेल तेल चोळायचं, मग साबण, मग परत तेल. बोटांच्या बेचक्यात राहते, नखांत राहते. आम्ही लग्न झालेल्या पोरींना हे पहिल्या आठवड्यात शिकवतो."

मी ते दीड पान काढून टाकलं. आता 'तुर्भे'त तो हात पुढे करतो आणि ती मागे सरते. "हात बघू." मग डब्याच्या पिशवीतून तेलाची बाटली काढते. त्याचा एकेक हात मांडीवर घेऊन तेल चोळते, एकेक बोट, बेचकी, नखाच्या कडा. त्याला वाटतं झालं. ती म्हणते, "अजून नाही." परत साबण, परत तेल. आठ पानं नुसते हात धुतले जातात. तुम्ही वाचलंय ते. त्या आठ पानांत कुणाच्याही अंगावरचं एक वस्त्र हललेलं नाही, आणि माझ्या सगळ्या मालिकेतलं सगळ्यात 'गरम' प्रकरण म्हणून लोक तेच सांगतात. मी त्याचं श्रेय घेत नाही. तेलाची बाटली त्या मावशींची आहे.

हालाच्या गाथेतली पाणपोईवरची एक मुलगीही त्या मावशींच्याच गावची असणार. वाटसरू वर तिच्याकडे बघत ओंजळीनं पाणी पितोय आणि मुद्दाम बोटं फाकवतोय, म्हणजे पाणी गळून जावं आणि पिणं लांबावं. तिच्या ते लक्षात येतं. ती काय करते? आधीच बारीक असलेली धार आणखी बारीक करते.

पैशाचंही थोडं बोलते, कारण 'लेखन हा छंद' असं म्हटलं की बायकांच्या कामाचा हिशेब तिथेच बंद होतो. किंडलवर पुस्तकाच्या ठरवलेल्या किमतीच्या पस्तीस किंवा सत्तर टक्के रॉयल्टी मिळते, अटींप्रमाणे. सभासद-वाचकांनी वाचलेल्या पानांचे वेगळे. माझे मेसेज येण्याच्या वेळा दोन. दुपारी अडीच ते चार आणि रात्री साडेअकरानंतर. म्हणजे घर झोपलेलं असताना. तिसऱ्या वर्षी रक्कम अशी झाली की विवरणपत्रात दाखवणं भाग पडलं. आयकर कायद्यात तेव्हा कलम ८० क्यूक्यूबी होतं, लेखकाच्या रॉयल्टीवर तीन लाखांपर्यंत वजावट. पण पुस्तक 'साहित्यिक, कलात्मक किंवा शास्त्रीय' हवं. आमचा सीए माझ्या मुलाएवढा. त्यानं पुस्तकाची पहिली काही पानं चाळली, कान लाल झाले, फाइलमध्ये डोकं घालून म्हणाला, "काकू, कलात्मक टाकू?" मी म्हटलं, मराठी समीक्षकांनी अजून काही म्हटलेलं नाही, तोवर तू म्हणतोस तेच.

कायद्याची भीती मला चुलत दिरांनी घातली. ते वकील आहेत. म्हणाले, "वहिनी, आत टाकतील." मग मी वाचायला लागले, आणि आपल्याकडे यातही परंपरा आहे. र. धों. कर्व्यांनी १९२७ ते १९५३, मरेपर्यंत, 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक शिक्षणाचं मासिक चालवलं, खटले अंगावर घेतले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूनं डॉ. आंबेडकर उभे होते, तरीही दंड झाला. मर्ढेकरांना कवितांसाठी कोर्टात जावं लागलं. आणि चंद्रकांत काकोडकर. 'रंभा'च्या १९६२ च्या दिवाळी अंकात त्यांची 'श्यामा' ही कथा आली. एक कवी आणि त्याच्या आयुष्यातल्या तीन बायका. पुण्याहून तक्रार गेली. उच्च न्यायालयानं पंचवीस रुपये दंड केला. पंचवीस रुपये! पण काकोडकरांनी तो भरून गप्प बसायचं नाकारलं, सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९६९ मध्ये निकाल लागला की ही कथा अश्लील नाही. माझ्यासारखीला त्या पंचवीस रुपयांचं फार ऋण आहे.

आता दंडसंहिता बदलली, जुलै २०२४ पासून अश्लीलतेच्या कलम २९२ चं २९४ झालं, मजकूर बराचसा तोच. पण मला जास्त गंमत वाटली ती जुन्या इंग्रजी कसोटीची, १८६८ ची. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं ती २०१४ मध्ये बाजूला ठेवली. ती कसोटी काय विचारायची? की हे लिखाण ज्यांच्या हाती पडू शकतं आणि ज्यांचं मन अशा गोष्टींनी बिघडू शकतं, त्यांचं काय होईल?

माझं पुस्तक सासूबाईंच्या हाती पडलं.

लॉकडाऊनचं वर्ष. दोन खोल्या, पाच माणसं. मी डायनिंग टेबलवर 'रबाळे' लिहायचे आणि समोर आई मटार सोलायच्या. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, छापील अक्षर डोळ्याला टोचायचं, म्हणून मुलीनं, म्हणजे माझ्या, त्यांना किंडलवर अक्षर मोठं करून दिलं. ज्ञानेश्वरी वाचतात अशी घरातल्या सगळ्यांची समजूत. मी माझं पुस्तक तपासायला त्याच किंडलवर उतरवून घेतलं होतं, हे मी विसरले.

एके दुपारी मटार सोलता सोलता, मान वर न करता आई म्हणाल्या, "त्या वर्तकनगरच्या पोरीला कडी लावायचं भान नाही."

माझी बोटं कळफलकावरच थांबली.

"दोन वेळा दार नुसतं लोटलंय तिनं. पान एकशे चाळीसला आणि पुन्हा पुढे. बाहेर भाऊ आहे, आई केव्हाही येईल, आणि ही बया दार लोटते? कोण विश्वास ठेवील?"

मी म्हटलं, "आई, तुम्ही सगळं वाचलंत?" त्या म्हणाल्या, "कडीपर्यंत नीट वाचलं. नंतर तिचीच काळजी लागून राहिली."

त्यांची टीका शंभर टक्के बरोबर होती. मी दुरुस्त आवृत्तीत दोन्ही ठिकाणी कडी घातली. पण त्या दिवशी मला राहवलं नाही. म्हटलं, "तुम्ही लावत होतात का?" नऊ माणसं आणि दोन खोल्या, चरईतल्या चाळीत, हे मी लग्न होऊन आल्यापासून ऐकत होते. आई बराच वेळ गप्प. मटाराची शेंग उघडली, दाणे काढले, साल वेगळं टाकलं.

"तुझे सासरे वागळे इस्टेटीत रात्रपाळीला. सकाळी साडेसातला यायचे. पोरं शाळेत, दीर कामावर. माझ्या सासूबाई पावणेआठला कौपीनेश्वराला निघायच्या, त्या साडेआठला परत. रोज. पाऊस असो, काही असो." मग हलकेच म्हणाल्या, "कौपीनेश्वरानं आम्हाला फार सांभाळलं."

"आणि कडी?"

"दिवसाढवळ्या कडी लावली असती तर अख्ख्या चाळीला कळलं असतं. दार लोटायचं आणि रेडिओ लावायचा. आम्हाला कडी लावायची चोरी होती. हिला कडी आहे आणि लावत नाही, म्हणून राग येतो."

मी हे इथे सांगू का, असं त्यांना काल विचारलं. म्हणाल्या, सांग, आता चाळही पडली आणि ऐकणारंही कुणी उरलं नाही.

त्या दिवसापासून त्या माझ्या पहिल्या वाचक आहेत. प्रणयाच्या भागावर त्या कधी बोलत नाहीत, त्यांना त्यात रसही नसावा. त्यांचं लक्ष दुसरीकडे असतं. पोरीनं गॅस बंद केला का, दुधाची पिशवी दाराबाहेर राहिली तर शेजारणीला संशय येईल, हा माणूस एवढा वेळ गेला तर रिक्षा कुठे उभी केली. त्यांच्या एका शेऱ्यामुळे 'सानपाडा'चं सगळं सातवं प्रकरण बदललं, कारण नायिकेच्या बाल्कनीत वाळत घातलेला पुरुषी शर्ट मी चार दिवस आत घ्यायचा विसरले होते.

जाता जाता, तुमच्यापैकी अनेकींचा प्रश्न आहे तो दिघ्याचा. मी सातवी कादंबरी संपवून आठवीत होते आणि जानेवारी २०२४ मध्ये रेल्वेनं ठाणे आणि ऐरोलीच्या मध्ये दिघा गाव स्टेशन उघडलं. दुसऱ्या दिवशीपासून मेसेज, ताई, दिघा राहिलं. वाशीला पोहोचलेल्या बाईला परत मागे आणणं सोपं नाही, पण लिहायला घेतलंय. ती चाळिशीची, विधवा, वन-आरके, बारा वर्षांचा मुलगा. तो इलेक्ट्रिशियन, तिच्याकडे पंखा दुरुस्त करायला येतो आणि पंखा काही केल्या नीट होत नाही. सहा महिने मी तिथेच अडलेय, कारण एका खोलीत तीन माणसं आणि तो मुलगा घराबाहेर जातच नाही, मोबाइलवर गेम खेळत बसतो.

परवा आईंना विचारलं, काय करू? त्यांनी जरा विचार केला. "क्लासला घाल त्याला."

"कसला क्लास?"

"चित्रकलेचा तासात सुटतो. पोहायला घाल. जाणं, येणं, डोकं पुसणं, दीड तास कुठे गेला नाही."

सध्या तो पोहायला जातोय. पण पाण्याला अजून घाबरतो, त्यामुळे वीस मिनिटांत घरी येतो.